गुंड्याला झोपवणारा धडा

वर्गात सगळे तिला ताई म्हणत, पण त्यात मान कमी आणि टोमणा जास्त होता. त्याच वर्गात दुसऱ्यांदा बसलेली, इतरांहून वीतभर उंच आणि कडेवर कायम धाकटा भाऊ. त्याला सगळे गुंड्या म्हणत, आणि तो नावाला जागायचा. आई हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करून अंधार पडल्यावर घरी यायची. मग शाळा सुटल्यानंतरच्या जादा वर्गाला ताईने बसायचं कसं?

लहान भावंडं आणायची नाहीत, असा तिथला नियम होता. जादा वर्गाच्या बाईंनी त्याकडे सरळ काणाडोळा केला आणि कोपऱ्यात सतरंजी अंथरली. खाऊ पोटात गेला की गुंड्या रडायला मोकळा. त्याला मांडीवर थोपटत ताई धडा वाचायची, आधी अडखळत, मग गोष्ट सांगावी तसा. गुंड्याला अंगाईपेक्षा धडाच जास्त लागू पडला.

आज वाचनाची तोंडी परीक्षा होती. यंदाही नापास झालीस तर शाळा बंद, असं आईने बजावलं होतं. लाँड्रीच्या मुकादमाकडे तिने पोरीसाठी शब्दही टाकून ठेवला होता. आई दुष्ट नव्हती, बिचारी थकली होती.

परीक्षक बाहेरून आलेले, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं आणि ताईची बोबडीच वळली. अक्षरं सगळी ओळखीची होती, पण मोकळ्या हातांचं काय करावं हेच तिला कळेना. परीक्षकांनी वाट पाहिली आणि पेन उचललं.

तेवढ्यात दाराबाहेर बाईंच्या कडेवर गुंड्याने भोकाड पसरलं. कुणीतरी याला गप्प करा, असं परीक्षक वैतागून म्हणाले.

ताईने भावाला आत आणलं, जमिनीवर फतकल मारली आणि थोपटत धडा वाचायला घेतला. परीक्षा कुठल्या कुठे गेली. धडा संपला तशी ती थांबली, आणि गुंड्याने पुन्हा गळा काढला.

"थांबू नकोस, वाच पुढे," परीक्षक घाईघाईने म्हणाले.

पुढचा धडा परीक्षेला नव्हताच. तोही तिने खणखणीत वाचला. परीक्षकांनी हसत पैकीच्या पैकी गुण दिले.

निकाल ऐकायला आज कामावरून लवकर सुटून तशीच आलेली आई बाईंच्या शेजारी दारात उभी होती. लेकीला वाचताना तिने आजवर कधी ऐकलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते ती लपवतही नव्हती.

"मुकादमाला सांगते, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून," ती म्हणाली. "माझी पोरगी शाळेत जाते."

झोपलेल्या गुंड्याला तिने आपल्या कडेवर घेतलं. ताईच्या हातात पुस्तक तेवढं राहिलं.