पिठातलं पाऊल

त्र्याण्णवच्या दिवाळीत माझा चुलतभाऊ चंपतराव हैदराबादच्या कॉलेजातून एक खेळ घेऊन वांकिडीला आला. फासे टाकायचे, बाकी सगळं तोंडानं. एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं तिच्यातला वीर व्हायचं. मी जादूगार झालो आणि पहिल्याच डावात मंत्र टाकून अदृश्य झालो.

"आता तू कोणाले दिसत नाही," चंपत म्हणाला, "पण हायेस तिथंच. वार केला का दिसशील. अन् दुश्मन हुशार असला तं पीठ पसरून तुहं पाऊल पाहीन."

मला चेव आला. बाहेरच्या खोलीत मी खरंच ज्वारीचं पीठ पसरलं. गोष्टीतल्या तळघरात अंधार, म्हणून चंपतनं शेजारी पणती लावली. दोघे शिकलेले गाढव! आमच्याकडे माणूस गेला की असंच पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपली झाकतात. सकाळी ज्याचं पाऊल उमटेल, त्याचा जन्म गेलेल्याला मिळाला म्हणायचं.

तेवढ्यात माय मळ्यातून आली. पीठ पाहून दारातच खाली बसली.

"लक्ष्मण, डोमाजीची खबर आली काय रे?"

डोमाजी माझा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी आदिलाबादच्या बाजारात कापूस घेऊन गेला, तो परतलाच नाही. माय त्याचे दिवस करू देत नव्हती.

"नाही वं माय, खेळ हाये हा." मी घाबरून सगळा खेळ समजावला.

"दिसत नाही, पण हाये?" तिनं विचारलं. "अन् पाऊल नाई उमटलं तं?"

खेळात त्याचा अर्थ एकच, तिथं कोणी नाही. मी पीठ गोळा करायला वाकलो.

"तं माहा डोमाजी मेला नाई," तिचं तिनंच ठरवलं आणि उठून पिठावर टोपली झाकली.

सकाळी पीठ जसंच्या तसं. माय तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मग ती रोजच पीठ पसरू लागली. मला धडकी भरली. एखादा उंदीर शिरला तर? मी घरातली बिळं बुजवली, टोपलीभोवती विटा लावल्या.

पाचव्या दिवशी तिच्या आधी उठून मी टोपली उचलली. विटा जागच्या जागी होत्या. पिठात मधोमध एकच पाऊल होतं, पाखराचं.

मी हातानं पीठ सारखं केलं, टोपली झाकली. माय आली, तिनं पाहिलं आणि हसली.

"हाये माहा लेक."

"हाये," मी म्हणालो. डोमाजी गेला होता, आणि आता ते जन्मभर मला एकट्यालाच ठाऊक राहणार होतं.