मुरंब्यावरचे पाणी

विदोसावाने राकियाने, फळांच्या घरगुती दारूने, भरलेला लाकडी बुधला टेबलावर ठेवला आणि ओठ न उघडताच हसली.

"शनिवारी तियानाचं लग्न आहे, ताई. बोलवायला आलेय."

रादोय्काने बुधल्याकडे पाहिले. त्याच्या गळ्याला तुळशीची काडी आणि लाल फीत बांधलेली होती. त्यातला एक घोट घेतला की आमंत्रण स्वीकारले, न घेतला तर नाही. हे दोघींनी लहानपणापासून पाहिले होते. तिने हात पुढे केला नाही. अकरा वर्षांत ती धाकट्या बहिणीच्या दारात एकदाही गेली नव्हती.

"तोंड आलंय का? अशी मिटून काय बसलीस?"

"काही नाही गं."

कालच नातीने, तियानाने, विदोसावाला हट्टाने दातांच्या डॉक्टरकडे नेले होते. "आजी, फोटोत तुझे दात पिवळे दिसतील!" पन्नास वर्षांच्या कॉफीचे डाग तासाभरात निघाले होते. वर एक कागद मिळाला होता: दोन दिवस कॉफी नको, लालकाळे काही नको, थंड तर नकोच. दात शिवशिवतील.

रादोय्काने तबक आणले. काचेच्या वाटीत काळपट लाल चेरीचा मुरंबा, दोन चमचे, दोन पेले पाणी. चुलीवर कॉफी उकळत होती. या घरात मुरंबा नाकारून उठणे म्हणजे पुन्हा न येणे. विदोसावाने चमचाभर मुरंबा खाल्ला आणि पेला उचलला.

पाणी आईच्या विहिरीचे होते, बर्फासारखे गार. लहानपणी दोघी त्याची चूळ तोंडात धरून उभ्या राहायच्या, कोण आधी थुंकते ते बघायला. विदोसावा कधी हरली नव्हती.

पहिल्याच घोटाला कळ दातांतून थेट डोळ्यांपर्यंत गेली. पेला कसाबसा खाली ठेवला, तोवर गालांवर पाणी ओघळले होते.

रादोय्का बघतच राहिली.

"आलं एकदाचं," ती हळूच म्हणाली. "आईला मातीत ठेवलं तेव्हा टिपूस नव्हतं तुझ्या डोळ्यांत. चार लोकांत मी तुला दगड म्हणाले."

तिचा हात बुधल्याकडे सरकला, बोटे फितीला लागली. विदोसावा नुसती गप्प राहिली असती तरी पुरले असते.

"थांब, ताई. हे खोटं आहे." तिने ओठ उघडून दाखवले. "दातांमुळे आलं. गार पाणी सोसत नाही."

रादोय्काने हात मागे घेतला. चष्मा लावला, टेबलावर वाकली.

"अगं बाई! चुना फासलास की काय?"

"तियानाने डॉक्टरकडून साफ करून आणले. लग्नाच्या फोटोसाठी."

"अकरा वर्षांनी रडलीस, आणि तेही दातांसाठी!"

रादोय्काने पेला उचलला आणि पाठ फिरवून चुलीकडे गेली. भांड्याचा आवाज आला. विदोसावाने बुधला हळूच स्वतःकडे ओढला. फितीची गाठ सुटली होती, ती पुन्हा बांधत बसली. परत जायची बस सव्वाचारची होती.

रादोय्का आली आणि पेला तिच्यासमोर ठेवला.

"घे. कोमट केलंय. आईला शेवटच्या हिवाळ्यात असंच लागायचं."

"माहीत आहे," विदोसावा म्हणाली. "रात्री मीच द्यायचे. अर्धं तिच्या हनुवटीवरून सांडायचं."

"चादरी सकाळी ओल्या असायच्या. मला वाटायचं, तू नीट बघत नाहीस."

विदोसावाने पाणी प्यायला सुरुवात केली. कळ आली नाही. दात शांत होते. तरी पेला अर्धा झाला आणि तिला तो पुढे पिता येईना. तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

रादोय्का खिडकीबाहेर बघू लागली, विहिरीकडे. मग न वळताच तिने हात मागे करून बुधला ओढून घेतला, बूच काढले, एक मोठा घोट घेतला आणि बुधल्याचे तोंड पदराने पुसावे तसे आपल्या एप्रनने पुसले.

"नातीला सांग," ती म्हणाली, "माझे दात आहेत तसेच फोटोत येतील."