दळण घेऊन आलेले

त्या रविवारी बाबा खुशीत होते. नाहूरच्या आमच्या पिठाच्या गिरणीत ‘गंज’ बँडची तालीम असली की ते असेच असत. संपात मिल सुटल्यावर त्यांनी ही गिरणी घातली होती.

बँडला दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. इथे गिरणी चालू असली की गिटार आणि किंकाळ्या शेजाऱ्यांना वेगळ्या ऐकू येत नसत. पुढे पुढे पट्ट्याची धडधड हाच त्यांच्या गाण्यांचा ताल झाला. ऐकायला पवई, अंधेरीहून पंचवीस-तीस पोरं येत. ती गाणी कुठल्या दुकानात मिळत नव्हती, पण त्यांना शब्द न् शब्द पाठ. बाबांची अट एकच होती, प्रत्येकाने दळण आणायचं. म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला ती नुसती गिऱ्हाइकांची रांग.

“काय रे, दळण खंय? नुसतो आयकूक इलंस?” बाबांनी फाटक्या जीन्सवाल्या एकाला अडवलं.

“काका, आईने गहू लपवलेत. मागचं पीठ जाडं निघालं म्हणते.”

“मग तांदूळ आण. पळ.”

बँडचा गायक चंद्रप्रकाश अंधेरीला लेथवर कामाला होता. तो हसत म्हणाला, “काका, ही गिरणी बंद पडली तर आमची वाट लागली.”

“बंद कशी पडेल? माझ्यामागे नलू आहे ना!” बाबांनी माझ्याकडे हात केला.

मी गहू ओतत होते. नाशिकच्या कॉलेजात मला शिकवायला बोलावलं होतं. बाबांना सांगायचं होतं, पण पट्टा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी उघडायला निघालेले बाबा जिन्यातच बसले. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी झाडलोट करायला म्हणून दार उघडलं, तर बाहेर रांग. प्रत्येकाच्या हातात गव्हाची पिशवी, चंद्रप्रकाशच्या खांद्यावर तर अख्खी गोणी.

“भेटायला येताना काय आणायचं ते कळेना, ताई,” तो म्हणाला.

त्यांना परत पाठवायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी बटण दाबलं. ते वाजवू लागले, फार वाईट वाजवलं. ढोल बडवणारा मध्येच थांबून डोळे पुसायचा. मी एकामागून एक पिशवी ओतत राहिले. खांदे भरून आले. काळे टी-शर्ट पांढरे झाले. दुपार सरली तरी गोणी उरलीच होती.

चंद्रप्रकाश माझ्या कानाशी येऊन ओरडला, “पुढच्या रविवारी पण ना, ताई? काका म्हणालेच होते, नलू आहे!”

मी बटण बंद केलं. पट्टा रेंगाळत थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते.

“नाही. मी नाशिकला चाललेय, शिकवायला.”

हातावरचं पीठ झटकून मी बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले.

“बाबा, मला गिरणी नको आहे. कधीच नको होती.”