डाव्या चाकाचे आटे

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना ते पेपर तपासल्यासारखे गुण देत, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. सीटची शिलाई कारखान्यातून यायची त्यापेक्षा बारीक? गुण गेला. बॉनेटखालची नळी काळी हवी तिथे करडी? गुण गेला. गाडीत आजच्या जमान्याची टाचणी जरी सापडली, तरी गुण गेला! मालक रडकुंडीला येत, पण ब्र काढायची कुणाची छाती नव्हती, कारण ज्या पुस्तकावरून गुण कापले जात ते पुस्तकही मास्तरांनीच लिहिलेलं. कुठल्या मॉडेलला कुठला बोल्ट, कुठला रंग, सगळं फोटोंसकट. गाड्या दुरुस्त करणारे ते उशाशी घेऊन झोपत, परीक्षक ते काखेत मारून मैदानात फिरत. थोडक्यात काय, मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा.

ताज्या आवृत्तीत त्यांनी एका दुर्मिळ मॉडेलचं प्रकरण घातलं होतं. उघडी, बुटकी, दोन माणसांची गाडी. तिचं प्रत्येक चाक एकाच मोठ्या, पंखवाल्या नटाने बसतं. हा नट ज्या हबवर, म्हणजे चाक पेलणाऱ्या लोखंडी तुंब्यावर, फिरतो, त्याचे आटे डाव्या बाजूला एका दिशेचे आणि उजव्या बाजूला दुसऱ्या दिशेचे असतात, म्हणजे गाडी पळताना नट सुटत नाही, उलट आवळत जातो. असल्या चाकांच्या सगळ्या गाड्यांत हीच रीत. पण मास्तरांचा शोध असा, की या एका मॉडेलात ती उलटी आहे! डाव्या हबचा जवळून काढलेला फोटो, शेजारी मास्तरांचा हात, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना: ‘या मॉडेलचे आटे इतर गाड्यांच्या उलट आहेत. तसे नसल्यास गुण कापावेत.’ या शोधावर त्यांनी भाषणं ठोकली होती, टाळ्या घेतल्या होत्या. मग नट सुटत कसा नाही, असं एका शहाण्याने विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, “ते कारखान्याला विचारा. जे होतं ते सांगणं एवढंच आपलं काम.”

आणि मास्तरांच्या लेकीने नेमकी तीच गाडी घेतली. गाडी कसली, खोक्यांत आणि पोत्यांत भरलेलं भंगार! एकही भाग दुसऱ्याला जोडलेला नव्हता. त्यात नियम असा, की परीक्षकाने घरच्या माणसाला मदत केली तर गाडी स्पर्धेतून बाद. दुसरा कुणी असता तर मागच्या दाराने चार गोष्टी सांगून आला असता. मास्तर नियमाचे पक्के. लेक घरामागच्या गॅरेजात वर्षानुवर्षं राबली, आणि हा बाप तिकडे फिरकलासुद्धा नाही. बायको वैतागून म्हणायची, “अहो, नुसतं बघून तरी या! पोर आहे तुमची, आरोपी नाही.” मास्तर चष्मा पुसत म्हणायचे, “पुस्तक आहे ना तिच्याजवळ? त्यात सगळं आहे.” पोरगीही बापाच्या वळणावर गेलेली. ग्रीसने पानं काळी होईपर्यंत तिने ते पुस्तक वाचलं आणि ओळीला ओळ लावून गाडी उभी केली.

स्पर्धेच्या दिवशी गाडी टोइंगवाल्याच्या ट्रकवर चढून मैदानात आली. या लोकांचं असंच असतं, चाकाला धूळ लागेल म्हणून गाडीला गाडीवर बसवून आणतात. गॅरेजासमोरच्या गल्लीत दोन फेऱ्या मारल्या होत्या, तेवढीच काय ती चाललेली. पण नुसत्या शोभेच्या गाडीला बक्षीस नाही. गुण लागले की शेवटी टेकडीच्या रस्त्याने वळसा घालून स्वतःच्या चाकांवर परत यायचं, तेव्हा निकाल पक्का.

लेकीची गाडी मास्तरांनी तपासायची नव्हती, दुसऱ्या दोघा परीक्षकांनी तपासली. थोड्या वेळाने बायको लगबगीने आली, चेहरा नुसता फुललेला. “ऐकलंत का? चाकांचे पैकीच्या पैकी! आटे अगदी पुस्तकातल्यासारखे उलटे, म्हणे. दोघेही वाकून वाकून बघत होते. आत्ताच निघाली टेकडीकडे. जाताना हात केला तिने तुमच्याकडे, पण तुमचं लक्ष असेल तर शपथ!”

मास्तर आतून सुखावले. आपली पोर, आपलं पुस्तक, पूर्ण गुण! माणसाला आणखी काय हवं?

त्याच सुखात ते पुढच्या गाडीकडे वळले. मैदानात त्या मॉडेलची ही दुसरी आणि शेवटची गाडी. मालकीण एक आजी, शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. गाडी त्यांच्या यजमानांनी नवी घेतलेली. ते गेले, तरी आजींनी तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण बाकी जशी कारखान्यातून आली तशी. असली गाडी परीक्षकाला कधी तरीच बघायला मिळते.

“डावं चाक काढून हब बघायचाय, आजी,” मास्तर म्हणाले, आणि तांब्याच्या हातोड्याने त्यांनी नटाच्या पंखावर ठोका घातला, पुस्तकाप्रमाणे गाडीच्या शेपटाकडे. नट हलेना. दुसरा ठोका घातला, तरी ढिम्म.

“अहो, सोडताय की आवळताय?” आजी म्हणाल्या. “वरचा पंख नाकाकडे मारा, नाकाकडे.”

“आजी, या मॉडेलचं उलटं असतं. पुस्तकात आहे.”

“कुणी लिहिलंय ते पुस्तक?”

“मीच.”

“मग काय, मारा आणखी,” आजी म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या.

मास्तरांनी चिडून नाकाकडे एक ठोका घातला. नट असा अलगद फिरला, जणू वाटच बघत होता. चाक बाहेर आलं. हबवरचे आटे इतर सगळ्या गाड्यांसारखेच होते, मास्तरांच्या फोटोच्या बरोब्बर विरुद्ध.

आधी त्यांना वाटलं, कुणीतरी हब अदलाबदल केलेत. गुण कापायला त्यांनी पेन्सिलही काढली. “आजी, कधी तरी मेकॅनिकने हे उघडलं असणार.”

“यांनी मला उघडू दिलं नाही, तिथे मेकॅनिक कुठला! आणि तुम्ही म्हणता तसं असतं, तर आम्ही दोघं घाटात कधीच चाक सोडून बसलो नसतो का?”

पेन्सिल तशीच हातात राहिली. मास्तरांनी पुस्तक उघडलं. आटे बघितले, हब बघितला, पुन्हा आटे बघितले. मग त्यांची नजर गेली त्या शेजारच्या हातावर. त्यांचाच हात. करंगळी अर्धी, पोरवयात यंत्रात गेलेली. त्यांनी स्वतःचा डावा हात पानावर ठेवला.

अर्धी करंगळी त्यांच्या डाव्या हाताला होती. फोटोत ती उजव्या हाताला होती.

मास्तरांचे डोळेच पांढरे झाले! स्टुडिओतच फोटो उलटा छापला गेला होता. आरशात दिसावा तसा. आणि फोटोतली गाडी मालकाकडे परत गेल्यावर, तो उलटा फोटो समोर ठेवून, या शहाण्याने मजकूर लिहिला होता! आटे उलटे दिसले तेव्हा फोटोवर शंका घ्यायची, तर यांना शोध लागला. जगातल्या प्रत्येक गाडीचा बारीक दोष हुडकणाऱ्या माणसाला स्वतःचा हात ओळखू आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

आणि मग पुढचं लक्षात आलं. फोटो चुकला, म्हणजे आटे चुकले. आटे चुकले, म्हणजे चाक फिरेल तसा नट सुटणार. आणि पोर टेकडीवर गेलीय!

“फोन!” ते मागेच उभ्या बायकोवर ओरडले. “तिला फोन कर! नको, मीच करतो!” दोनदा नंबर चुकला, तिसऱ्यांदा लागला. आणि घंटी वाजली ती बायकोच्या पर्समध्ये.

“अहो, तिने माझ्याकडेच ठेवलाय,” बायको म्हणाली. “गाडीत आजची वस्तू असली की गुण जातो ना? तुमच्या पुस्तकात... काय झालं? अहो, असे का बघताय? बोला ना!”

 मास्तर नुसते टोइंगवाल्याच्या ट्रककडे धावत सुटले आणि बायको त्यांच्या मागे. पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसल्यावर त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, “चाक सुटेल तिचं. मी चुकीचं छापलंय.”

बायकोने किंकाळी फोडली नाही, रडली नाही. तिने फक्त त्यांच्याकडे असं पाहिलं, की मास्तरांना वाटलं, हिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ती टोइंगवाल्याला म्हणाली, “दादा, दामटा हो गाडी.”

टोइंगवाल्याने दामटली. चढाचा रस्ता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला गुडघाभर उंचीचा कठडा, आणि त्या पलीकडे नुसती पोकळी. प्रत्येक वळणावर मास्तर जीव मुठीत धरून पुढे बघत. वळण रिकामं निघालं की सुटकेचा श्वास, आणि लगेच पुढच्या वळणाची धास्ती. मैदानात हजार माणसांसमोर ज्याचा आवाज घुमायचा, तो माणूस पुटपुटत होता, “चुकू दे, देवा, तिचं काहीतरी चुकू दे. माझ्या पुस्तकासारखं केलेलं नसू दे.”

“थांबवा!” बायको ओरडली.

गटारात चाक पडलं होतं. तारांच्या काड्यांचं, चकचकीत, पॉलिश केलेलं डावं चाक. गाडी कुठेच दिसत नव्हती.

मास्तर दाराचा खटका शोधतच राहिले.  बायको मात्र कठड्यापर्यंत पळाली, खाली वाकून बघितलं, आणि तिथूनच मान हलवली. खाली काही नाही. तोवर टोइंगवाला वळणापर्यंत जाऊन आला होता, आणि दोन्ही हात वर करून ओरडत होता, “आहे! इकडे आहे! बसलीय!”

वळणाच्या पलीकडे गाडी नाक खाली घालून डोंगराला टेकली होती. एका बाजूचा पत्रा सोलून निघालेला, रस्त्यावर लांबवर हबने ओढलेला चर. आणि लेक दगडावर बसली होती, कपाळातून रक्त, एक मनगट दुसऱ्या हातात धरलेलं. कठड्याच्या बाजूला जाणारी गाडी तिने सगळा जोर लावून डोंगरावर घातली होती, म्हणून बसलेली तरी सापडली.

आई जाऊन तिला बिलगली, पदर कपाळाला लावला, आणि आता कुठे रडू लागली. मास्तर दोन पावलांवर येऊन उभेच राहिले. पुस्तक अजून त्यांच्या काखेत होतं. कसं राहिलं, देव जाणे.

लेकीने वर बघितलं आणि तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला. “बाबा, सॉरी. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं हो. माझंच कुठेतरी चुकलं असणार.”

“तुझं काही चुकलं नाही,” मास्तर म्हणाले. “पुस्तक चुकलंय.”

“काहीतरीच काय!” तिने मान हलवली. “माझी समजूत नका काढू. नट मीच नीट आवळला नसेल.”

“अगं, खरंच सांगतोय. फोटो उलटा छापलाय. आटे उलटे नसतातच. मी... मी मूर्ख आहे.”

“बाबा, पुरे.” ती हसायला गेली, पण कपाळ दुखलं. “जन्मात पहिल्यांदा माझी समजूत काढताय, तीही खोटं बोलून? परीक्षकही म्हणाले, चाकं अगदी बरोबर आहेत.”

आता काय करायचं या पोरीला! बाप ऊर फोडून सांगतोय आणि ही बापाविरुद्ध बापाच्याच पुस्तकाची बाजू घेतेय. मास्तर तिच्यासमोर रस्त्यावर, धुळीत, फतकल मारून बसले. ते पान काढलं, तिच्या मांडीवर ठेवलं, आणि फोटोतल्या हाताशेजारी आपला डावा हात ठेवला.  

लेक एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे बघत राहिली. तिला कळलं, ते त्यांना दिसलं. रागाचा एक शब्द जरी ती बोलली असती, तरी त्यांनी तो आनंदाने झेलला असता.

“नट बसवताना मला जाणवलं होतं, बाबा,” ती हळूच म्हणाली. “हात सांगत होता, हे उलटं आहे. एकदा नाही, कितीदा तरी. पुस्तक मिटून मी तुमच्या खोलीच्या दारापर्यंत येऊनही गेले.”

“मग?” मास्तर म्हणाले. “मग विचारलं का नाहीस?”

“दार बंद होतं,” ती म्हणाली. “आणि म्हटलं, तुम्हाला माहीत नसेल असं कसं होईल?”