जर्मन गप्पच राहिला

बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. कारखाना चालू होता तेव्हा इतकी माणसं तिकडे कधी फिरकली नसतील. बंदरावरचे हमाल, जाळी विणणाऱ्या बायका, बँकेचा मॅनेजर आणि शाळेतला गणिताचा मास्तर (होय, गणिताचा!) असे सगळे मांडीला मांडी लावून ओल्या फरशीवर बसले होते. समोर टेबल, टेबलावर काचेची मोठी बरणी, बरणीत पाणी आणि बरणीमागे कप्तानबाबा. डोक्यावर कातड्याची कानटोपी, टोपीवर चढवलेला वैमानिकाचा जाड चष्मा. उकाड्यानं बाबांच्या गालावरून घामाचे ओघळ चालले होते, पण टोपी काढतील तर शपथ!

"शांतता! कप्तान येताहेत!" बाबांचा शिष्य खेकसला.

कप्तान म्हणजे मेलेला वैमानिक. युद्धाच्या काळात या किनाऱ्यावर विमानं पडायची. समुद्रावर धुकं दाटलं की वैमानिकांना टेकडी दिसायची नाही, आणि त्यात कितीतरी तरणीताठी माणसं गेली. त्यातलं एक विमान खाडीत कोसळलं होतं आणि ते जर्मन होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या जर्मन कप्तानाचा शेवटचा श्वास विमानाच्या पत्र्यात अडकून राहिलाय, हा शोध मात्र बाबांचा स्वतःचा.

एक म्हातारी पुढे झाली. "कप्तान, माझे गुडघे बरे होतील का हो?"

बाबांनी बाहीतून पत्र्याचा करडा तुकडा काढला, कपाळाला लावला आणि बरणीत सोडला. आणि काय सांगावं! पाणी थंडगार, खाली ना चूल ना स्टोव्ह, पण तुकड्याभोवती बुडबुडे उसळायला लागले. "श्वास! श्वास!" अशी एकच ओरड झाली. बाबांनी डोळे फिरवले.

"आखटुंग! डांके!"

शिष्यानं अर्थ सांगितला, "कप्तान म्हणतात, आजी, तुमच्या गुडघ्यांना तुमच्या थोरल्या जावेची नजर लागली आहे. महिनाभर या बरणीतलं श्वासजल चोळा, घोड्यासारख्या पळाल."

"एवढं सगळं दोन शब्दांत?" मागच्या रांगेतून रसायनशास्त्राच्या बाई पुटपुटल्या.

"जर्मन भाषा फार दाट असते," शेजारीण अभिमानानं म्हणाली.

एरवी बाई खदखदून हसल्या असत्या. आज हसू येईना, कारण पहिल्याच रांगेत त्यांचा सख्खा मामा बसला होता आणि त्याचा डावा पाय त्याच श्वासजलाच्या टबात होता. मामाला साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याला जखम झालेली. बाबांनी सांगितलं म्हणून त्यानं इंजेक्शन बंद केलं होतं, आणि डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, "हे असंच चाललं तर आधी बोटं जातील, मग पाऊल." आयुष्यभर पायी हिंडून टपाल वाटलेला माणूस, आणि त्याचं पाऊल जाणार!

घरी आल्यावर त्यांनी मामाला धारेवर धरलं. "अरे मामा, तू जन्मभर दुसऱ्यांना पत्ते विचारत फिरलास. त्या बाबाला कधी विचारलंस, तू कुठला, काय शिकलास?"

"चिमे, तू शाळेत शिकवतेस, मला शिकवू नकोस," मामा म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "मी पोरगेला होतो तेव्हा ते विमान पडताना पाहिलंय गं. त्याच्या शेपटाला आग लागली होती. मी किनाऱ्यावरून हात हलवला. काय करणार होतो दुसरं? ते बुडालं, आणि माझ्या डोळ्यांसमोरून ते कधी गेलंच नाही. बाबा म्हणाले, कप्तानानं माझा हात पाहिला होता. तो मला ओळखतो. त्यानं दिलेलं पाणी मी कसं नाकारू?"

बाईंच्या मनात आलं, त्या वयाचं जे जे पोर त्या दिवशी किनाऱ्यावर होतं, त्यानं हात हलवलाच असणार. असल्या अंदाजाला आत्मा कशाला लागतो? पण मामाचे डोळे भरून आलेले पाहून त्यांना ते बोलवेना.

मामानं घरी आणलेली श्वासजलाची बाटली तेवढी त्यांनी उचलली. हुंगून पाहिली. वर गुलाबाचं अत्तर, आणि खालून नाकाला झोंबणारा वास. निळा लिटमस कागद बुडवला, तो लालबुंद झाला. पाण्यात चक्क व्हिनेगर होतं! म्हणजे हा गृहस्थ साखरेच्या रोग्याची उघडी जखम आंबट पाण्यात भिजवत होता. बाईंचं डोकंच फिरलं. तशाच उठून त्या गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे गेल्या, कारण खाडीतलं ते विमान त्यानंच विकत घेतलं होतं.

भंगारवाला खाटेवर आडवा होता. "विमानाचा तुकडा पाहिजे? कुठला देऊ? पंखाचा जर्मन देऊ, की चाकाचा तो भुरभुरीत?"

"विमान जर्मनांचं होतं, ते माहीत आहे मला. धातू कुठला आहे ते सांगा."

"तेच तर सांगतोय, जर्मन!" त्यानं खाटेखालून चहाचं पातेलं ओढलं आणि त्यावर बोटानं टणटण वाजवलं. "हे काय आहे?"

"जर्मनचं पातेलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

ॲल्युमिनियम! घरोघरी ज्याला जर्मन म्हणतात ते! भंगारवाला पोट धरून हसायला लागला. "अहो बाई, विमान गाड्यावर घालून आणलं, तेव्हा चहाच्या टपरीवर मला विचारलं, काय माल आहे? मी म्हटलं, सगळं जर्मन आहे. संध्याकाळपर्यंत गावात बोभाटा, खाडीत पडलं ते विमान शत्रूचं होतं! दुसऱ्या दिवसापासून मला चहा फुकट मिळायला लागला. मग मी कशाला तोंड उघडतोय?"

"आणि तो बुडालेला वैमानिक?"

"कोण बुडालं?" भंगारवाला उठून बसला, आणि त्यानं जे सांगितलं ते ऐकून बाईंनी त्याला शपथच घातली, उद्या सकाळी कारखान्यात आलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी "कुणाचा प्रश्न?" म्हणताच बाई पुढे गेल्या. हातात घरची बरणी आणि व्हिनेगरची न उघडलेली बाटली, पिशवीत भंगारवाल्याकडून आणलेले दोन तुकडे आणि शाळेतली परीक्षानळी.

"माझा प्रश्न आहे. पण तुकडा मी टाकणार, आणि पाणीही माझं."

"अपवित्र हातांना कप्तान उत्तर देत नाहीत!" शिष्य ओरडला.

"टाकू द्या हो," टबात पाय घातलेला मामा म्हणाला. "माझी भाची आहे ती. तिचे हात मला माहीत आहेत."

मग कोण अडवणार? बाईंनी गणिताच्या मास्तरांना बोलावलं, बाटली त्यांच्याच हातानं फोडून बरणीत ओतायला लावली. मास्तर नाक मुरडत म्हणाले, "हे तर व्हिनेगर!"

"हो. बाबांच्या बरणीचाही वास घ्या."

मास्तरांनी घेतला. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"आता बघा. हा पंखाचा पत्रा. जर्मन." बाईंनी तुकडा सोडला. बरणीत एक बुडबुडा उठेल तर शपथ. "गप्प बसला. आता हा चाकाचा तुकडा. याला मॅग्नेशियम म्हणतात. वजनाला हलका, पण आंबट पाण्यात पडला की गॅस सोडतो." तुकडा पडला आणि बरणी फसफसली. "बाबांना 'हो' म्हणायचं असेल तर हा टाकायचा. 'नाही' म्हणायचं असेल तर तो. तुम्ही सगळे म्हणता जर्मन बोलतो. अहो, जर्मन तर गप्पच आहे, बोलतोय तो दुसराच!"

हशाचा स्फोट झाला. गुडघेवाल्या म्हातारीनं बाबांची बाही धरून अशी हिसडली की आतल्या दोन खिशांतून दोन तुकडे टणटण करत फरशीवर पडले. बाईंनी बुडबुड्यांवर परीक्षानळी उपडी धरली, ती भरल्यावर तोंडाशी पेटती काडी नेली. फट्ट! पुढच्या रांगेतला हमाल दचकून उडाला.

"हा हायड्रोजन. नववीच्या पुस्तकात आहे. माणसाचा श्वास असा पेटत असता, तर आपण चुलीजवळ बसलो असतो का?"

"आखटुंग!" बाबा कळवळून ओरडले.

"त्याचा अर्थ 'सावधान' असा होतो," बँकेचा मॅनेजर हळूच म्हणाला. त्यालाही आताच आठवलं असावं.

तेवढ्यात भंगारवाला आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार डोक्यावर घेऊन आत आला. दार म्हणजे विमानाच्या पंखाचा पत्रा. त्यावर आपल्याच भाषेत, आपल्याच लिपीत, पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं: 'येथे पाय ठेवू नये.' लोकांनी मोठ्यांदा वाचलं. जर्मनांनी आपल्या विमानावर आपल्यासाठी सूचना लिहून ठेवली असेल, यावर मात्र कुणाचाच विश्वास बसला नाही.

"विमान आपलंच होतं," भंगारवाला म्हणाला. "आणि कप्तान टेकडीपलीकडे हवाई छत्रीनं उतरला, तो आमच्या गोठ्यावर पडला. गोठ्याचं छप्पर मोडलं, त्याचा दात पडला. आमच्या आईनं चहा दिला, तो दोन कप प्यायला. मग लष्कराची गाडी आली, त्याला घेऊन गेली आणि आम्हाला दम देऊन गेली, कुठं बोलायचं नाही म्हणून."

या गडबडीत बाबा आणि शिष्य बर्फाच्या लाद्या सोडायच्या घसरगुंडीवरून खाली सटकले. धप्प असा आवाज आला. खिडकीशी धावलेल्या पोरीबाळींनी टाळ्या पिटल्या. पुढे पोलिसांनी दोघांना बस स्टँडवर धरलं, तेव्हाही ती टोपी डोक्यावर होतीच म्हणे.

सगळे हसत होते. मामा हसत नव्हता. त्यानं भंगारवाल्याचा हात घट्ट धरला होता.

"मेला नाही तो?"

"छे हो! चांगला धडधाकट होता. चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरत होता."

मामाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "चिमे, अगं, मी जन्मभर त्याला बुडताना बघत आलो. बाबानं मला त्याचा आत्मा दाखवला. पण तो जगला, हे नाही सांगितलं कुणी."

"कारण कुणी विचारलंच नाही, मामा," बाई म्हणाल्या. "ज्याच्याकडे विमान होतं, तो माणूस गावाबाहेर खाटेवर पडून होता. आपण त्याला सोडून बरणीला विचारत बसलो."

मामानं टबातून पाय बाहेर काढला, बाईंच्या ओढणीला पुसला आणि म्हणाला, "चल दवाखान्यात."

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन पुन्हा सुरू केलं. पाय वाचेल, म्हणाले, वेळेवर आलात. मग सवयीप्रमाणे मान वर न करता त्यांनी चिठ्ठी खरडली आणि पुढे सरकवली. मामा उठेना.

"डॉक्टर, ही गोळी कशाची? नाही घेतली तर काय होईल? आणि या इंजेक्शनानं आत नेमकं काय होतं?"

बाहेर रांग होती. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "आजोबा, ते तुम्हाला कळायचं नाही."

"तो बाबाही असंच म्हणायचा," मामा शांतपणे म्हणाला.

डॉक्टरांचा हात थांबला. ते थोडे लाजले, मग हसले. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि कोऱ्या कागदावर माणसाच्या शरीराचं चित्र काढायला घेतलं. मामानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. बाई दाराशी उभ्या होत्या. तुम्हीही एवढंच करा, बाबा असो, डॉक्टर असो, नाहीतर शाळेतल्या बाई असोत, समोरच्याला विचारा, कसं आणि कशावरून. जो खुर्ची पुढे ओढून सांगायला बसेल त्याचं ऐका, आणि जो डोळे फिरवेल त्याची बाही तपासा.