वेग पाडल्याबद्दल

सोलापुरातल्या एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजात संस्कृती संगणक शिकवायची. तपासणी समिती येणार होती, म्हणून संचालक मल्लिकार्जुन सरांनी प्रयोगशाळेच्या दारात मोठा टीव्ही लावला आणि त्यावर नेटवर्कचा वेग सतत दिसला पाहिजे, असं फर्मावलं. संस्कृतीनं सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला वेग विचारायचा आणि मिळालेलं उत्तर टीव्हीवर टाकायचा. पडद्यावर शंभर आले. सरांचं तोंड उतरलं; शेजारच्या कॉलेजात हजार होते.

पुढं झाडलोट करताना सर्व्हरची केबल निसटली आणि टीव्हीवर चारशे एकोणतीस कोटींचा आकडा झळकला. सरांनी पेढे मागवले.

संस्कृतीनं त्यांना समजावलं. केबल नसली की कार्ड ‘माहीत नाही’ या अर्थानं उणे एक सांगतं. तिचा प्रोग्रॅम उण्याचं चिन्ह वाचायला चुकला होता, म्हणून उणे एकाचे कोटी झाले होते. लगेच दुरुस्त करते, म्हणाली.

“कशाला?” सर म्हणाले. “माहीत नाही हे इतक्या थाटात कुणी सांगतं का मॅडम? राहू दे की.”

समिती आली. अध्यक्षांनी आकड्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतला. एका सदस्यानं एवढंच विचारलं, की हा वेग सेकंदाचा की तासाचा. सरांनी ‘दोन्हीचा’ असं सांगितलं. अहवालात ‘राज्याला दिशादर्शक’ असा शेरा पडला आणि केबलला हात लावायला सगळ्यांना मनाई झाली.

मग ऑनलाइन परीक्षा आली. मुलं प्रयोगशाळेत बसली, पण सर्व्हरची केबल अजून निघालेलीच, त्यामुळं नेटच नव्हतं. मैंदर्गीहून एसटीनं आलेली सोनम रडकुंडीला आली. संस्कृती उठली आणि तिनं केबल खोचली. पेपर सुरू झाला. टीव्हीवर शंभर आले.

सर धावत आले. “मॅडम, वेग पाडलात तुमी.”

“सर, नेट चालू झालंय.”

“ते कुणाला दिसतंय? आकडा दिसतो की.”

परीक्षा नीट पार पडली. संस्थेचा वेग कमी केल्याबद्दल संस्कृतीकडून प्रयोगशाळा काढून घेतली. तिला आधी संताप आला, पण घरी आईला सांगताना हसूच आवरेना.

प्रयोगशाळेचे नवे प्रमुख गुरुलिंग सर कामाचे निघाले. वेग दुप्पट होईल म्हणून त्यांनी ग्रंथालयाचीही केबल काढली.