कपाटातले चष्मे

तुळजाबाई सकाळपासून वृद्धाश्रम सांभाळणाऱ्या आनंदीबाईंच्या मागे लागल्या होत्या. चहा झाला, आंघोळी झाल्या, अंगणात वाळत घातलेल्या चादरींची पहिली खेप घरात आली, तरी म्हातारी आपली भिंतीला हात लावत त्यांच्या पाठोपाठ फिरत होती. स्वयंपाकघरातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून पुन्हा स्वयंपाकघरात. मागणं एकच. माझा चष्मा आजच काढून द्या.

आनंदीबाईंचं उत्तरही एकच. उद्या वर्धापनदिन, उद्या पाहुणे येणार, उद्या सकाळी सगळ्यांनाच चष्मे मिळणार. मग एका दिवसासाठी जिवाला एवढा घोर कशाला?

घोर होता तो असा. तुळजाबाईंची नात समीक्षा उद्या मुंबईहून यायची होती. आजीने तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती परकरात होती. आता तिचं लग्न ठरलं होतं, नवरा बडोद्याला, आणि लग्नाआधी एकदा आजीच्या पाया पडायचं म्हणून पोरगी एकटीच एस.टी.ने यायला निघाली होती. मुलगा आणि सून पूर्वी एकदाच आले होते, म्हातारीला इथे सोडायला. तेव्हा ही भेट पुन्हा होईल न होईल, हे तुळजाबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यात तो जाड भिंगाचा चष्मा. महिनोन्‌महिने घातला नाही की पहिला अर्धा दिवस सगळं गरगरतं, जमीन वर येते, माणसांची तोंडं हलतात. नात समोर बसलेली असताना तिचं तोंड हलायला नको, म्हणून एक दिवस आधी. एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीसाठीच आपल्याकडे माणसाला नाक घासावं लागतं.

हा वृद्धाश्रम पोलादपूरच्या बाहेर, महाबळेश्वरच्या रस्त्याच्या अंगाला. साल शहाण्णव. महाडच्या काही प्रतिष्ठित मंडळींनी तो काढला होता आणि दोन वर्षांपूर्वी इथल्या म्हाताऱ्यांना महाडच्या शिबिरात नेऊन त्यांचे मोतीबिंदूही काढून आणले होते. गनीभाई म्हणून महाडचे एक ट्रकवाले. त्यांनी गाडीही दिली आणि चष्म्यांचा सगळा खर्चही उचलला. चांगलं काम झालं, यात शंका नाही. पण अशा शिबिरात गरिबाच्या डोळ्यात भिंग बसवत नसत. मोतीबिंदू काढायचा आणि त्याच्या बदली नाकावर जाड काचेचा चष्मा. चष्मा असेल तर डोळा. चष्मा उतरवला की समोर माणूस आहे की खांब आहे, एवढंच कळायचं.

आणि तो चष्मा कपाटात!

झालं होतं असं की, पहिल्याच महिन्यात चांगूबाबा आपल्याच चष्म्यावर बसले. आणखी एकाचा चष्मा विहिरीत गेला. आश्रम चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. दानाची वस्तू अशी नासली तर पुढच्या वर्षी कोण हात पुढे करील? झालं. आनंदीबाईंनी उरलेले सगळे चष्मे एकेक करून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळले आणि पोलादी कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली. त्याच कपाटात दानाच्या कोऱ्या चादरी होत्या, स्टीलची ताटं होती. त्यांत आता दृष्टीही जाऊन बसली.

आनंदीबाई वाईट नव्हत्या. म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं त्या नाक न मुरडता काढत. पण त्या आपल्यातल्याच होत्या. आपल्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. नव्या कपबशा पाहुण्यांना, घरच्यांना कान तुटलेला कप. नवी चादर पाहुण्यांना, घरच्यांना ठिगळाची गोधडी. वस्तू शाबूत राहिली की बाई सुगरण. त्या हिशेबाने आनंदीबाईंसारखी सुगरण साऱ्या तालुक्यात नव्हती. पाहुणे आले की चष्मे निघत, फोटो होई, पाहुणे गेले की चष्मे पुन्हा फडक्यात. कुणाचा कोणता, ते पाहायलाही कुणाला सवड नसे. हाताला येईल तो नाकावर.

या सुगरणपणाने काशीबाईंचा जीव घेतला. होय, जीवच घेतला, मी शब्द जपून वापरणार नाही. काशीबाई वरंधच्या, तुळजाबाईंच्या शेजारच्या खाटेवरच्या. दोघी रात्रंदिवस भांडत आणि एकीला ताप आला तर दुसरी जेवत नसे. आषाढात काशीबाई परसातल्या मोरीकडे निघाल्या आणि ओली पायरी न दिसल्याने आपटल्या. मांडीचं हाड मोडलं. गणपतीपर्यंत पडून होत्या. शेवटी शेवटी त्या चष्मा मागत. खिडकीतून डोंगर तरी दिसेल म्हणत. तेव्हा आनंदीबाई म्हणाल्या होत्या, आडवं पडलेल्या माणसाला चष्मा कशाला, कुशीखाली येऊन काच फुटायची. काशीबाई गेल्या. त्यांचा चष्मा शाबूत राहिला.

वर्धापनदिन उजाडला. पताका लागल्या, शिऱ्याचा वास सुटला, कोऱ्या चादरी अंथरल्या गेल्या. तुळजाबाई पहाटेपासून वेणी घालून बसल्या होत्या. एकदा दारापर्यंत जात, एकदा खाटेशी येत. पाहुण्यांच्या गाड्या आल्या. अध्यक्ष आले, गनीभाई आले, आणि त्यांच्या मागोमाग स्टँडवरून चालत आलेली समीक्षाही दारात उभी राहिली. "आजी" अशी हाक ऐकली आणि म्हातारी हात पुढे करून आवाजाकडे निघाली. नातीने तिला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर, खाली बसली. तिने मुद्दाम नवी साडी नेसली होती, आजीने बघावी म्हणून.

तेवढ्यात आनंदीबाई चष्म्यांचं ताट घेऊन आल्या. तुळजाबाईंनी हात पुढे केला. हातात चष्मा पडला आणि बोटांना दांडीला बांधलेला दोरा लागला. लुगड्याच्या काठाचा दोरा. काशीबाईंनी आपला चष्मा ओळखू यावा म्हणून तो बांधला होता. बांधताना दांडीला गाठच बसेना, म्हणून दोघी केवढ्या हसल्या होत्या!

तुळजाबाईंनी चष्मा मांडीवर ठेवला.

तिकडे अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं. आवाज गोड, भाषा पुण्याची. आपल्या संस्थेने इतक्या वृद्धांना दृष्टी दिली, ते म्हणाले. आपल्या काशीबाई आज आपल्यात नाहीत, पण जाताना त्या हे सुंदर जग डोळे भरून पाहून गेल्या, याचं समाधान आहे. टाळ्या पडल्या. आनंदीबाईंनी मान खाली घातली.

फोटोवाला पुढे आला. अध्यक्ष तुळजाबाईंकडे वाकून म्हणाले, आजी, चष्मा लावा, नात आली आहे ना.

"नाय लावत," तुळजाबाई म्हणाल्या.

अध्यक्षांना वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. समीक्षानेही आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आजी, लाव ना. मला बघ ना एकदा."

ती मांडीवरचा चष्मा उचलून आजीच्या नाकाशी नेऊ लागली. तुळजाबाईंनी तिचं मनगट धरलं. कोणाची नात आली होती? कोणाचा जीव तुटत होता? त्यांचाच. एक क्षणभर त्यांनाही वाटलं, मरू दे सगळं, लावावा आणि बघावं पोरीला.

"तुला बघायला माझा जीव नुसता तळमळतोय गो बाय," त्या म्हणाल्या. "पन हा माजा नाय. ह्यो काशीचा हाय. तिनं मरताना मागितला, तवा कपाटात व्हता. आज मी लावीन, तुमी फोटो काडाल, आन सांजच्याला ह्यो परत कपाटात. मंग उंद्या मी त्याच पायरीवर पडायची. रोज देत असाल तर द्या. पावन्यांपुरते डोळे मला नको."

अध्यक्ष हसायचा प्रयत्न करू लागले. वय झालं की माणूस हट्टी होतं, ते पाहुण्यांना सांगू लागले. तेव्हा गनीभाई उठले. रांगडा माणूस, भाषणबिषण त्यांना येत नसे. त्यांनी आनंदीबाईंना एवढंच विचारलं, चष्मे रोज देत नाय काय? आनंदीबाईंनी नाही म्हणून मान हलवली. का, तर फुटतात म्हणून.

"अवो बाई, फुटायलाच दिले की," गनीभाई म्हणाले. "माझ्या गाडीचे टायर पण फुटतात, म्हणून गाडी काय उशाशी घेऊन झोपू?"

पलीकडे मालोजी नावाचे एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. वर्षात चार-दोन वेळाच मिळणारं ते सुख. त्यांनी हातातली बातमी शेवटपर्यंत वाचली, मग चष्मा काढला आणि ताटात ठेवला. बाकीच्यांनी ठेवले नाहीत. आणि त्यांना नावं कोण ठेवणार? एका दिवसाची का होईना, नजर कोणाला नको असेल?

अध्यक्ष म्हणाले, येत्या बैठकीत ठराव मांडू. ठराव मांडू म्हणजे काय, ते आपण सगळे जाणतो, आणि तुळजाबाईही जाणत होत्या. त्यांनी चष्मा लावला नाही. समीक्षाची परतीची गाडी दुपारची होती. तिने वाकून आजीच्या पायांवर डोकं ठेवलं, आजीने तिच्या केसांवरून हात फिरवला, सुखी राहा म्हणाली, आणि पोरगी निघाली. दारातून बाहेर पडताना ती वळून बघत होती. आजीला दिसला तो एक हलणारा रंग, मग तोही नाही.

ठराव पुढे झाला की नाही, मला माहीत नाही. त्याची वाट न पाहता आनंदीबाईंनीच दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं, खाटेखाटेशी जाऊन ज्याचा त्याला लावून बघत चष्मे वाटले, आणि काशीबाईंच्या रिकाम्या खाटेपाशी येऊन पदरात तोंड लपवून रडल्या. मी केलं हो, मी केलं, म्हणाल्या. तुळजाबाईंनी त्यांना जवळ बसवून घेतलं. समजूत मात्र घातली नाही.

फाल्गुनात बडोद्याहून पाकीट आलं. त्यात समीक्षाच्या लग्नातला फोटो होता. तुळजाबाई तो घेऊन उजेडाला बसल्या. जाड काचांतून जवळ धरून, लांब धरून, किती वेळ बघत होत्या. कपाळ आजोबांचं आलंय, हनुवटी आईची, डोळे मोठे आहेत. सगळं बघून झालं, तरी म्हातारीला चैन पडेना. ती फोटो हातात धरून खाटाखाटांवरून फिरू लागली, मग स्वयंपाकघरात आली, मग शिधा घेऊन आलेल्या गनीभाईंना तिने अंगणात गाठलं.

"फोटोत हसतेय ती," तुळजाबाई म्हणाल्या. "त्या दिशी दारातनं जाताना ती हसत व्हती का रडत व्हती? तेवढं सांगा कुनीतरी."

त्या दिवशी खोलीभर माणसं होती. मंडळाचे लोक होते, पाहुणे होते, फोटोवाला होता. सगळ्यांना डोळे होते आणि मधे काही आड आलेलं नव्हतं. पण कोणालाच आठवेना. आनंदीबाई म्हणाल्या, मी ताट उचलत होते हो. पोरीच्या तोंडाकडे कोणी बघितलंच नव्हतं.

तुळजाबाई अजून विचारतात. नवीन कोणी आलं, की त्यालाही विचारतात.